ऑक्सॅलिक ॲसिड गरम का करायचं? छापलेलं उत्तर दुरुस्त करा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांमागं तुमच्या शैक्षणिक पानावर बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलसाठी तोंडी परीक्षेचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं आली होती. हे पान मी नेहमी कापून ठेवते, माझ्या शिकवणीतली बरीच पोरं खेड्यातनं येतात, सगळ्यांच्या घरी पेपर येतोच असं नाही, म्हणून मी ते भिंतीला लावते. त्यात केमिस्ट्रीचा एक प्रश्न होता की परमँगनेटच्या टायट्रेशनला, म्हणजे थेंब-थेंब टाकून मोजमाप करायच्या प्रयोगाला, ऑक्सॅलिक ॲसिड ६० ते ७० डिग्रीपर्यंत गरम का करायचं, आणि खाली उत्तर होतं "ऑक्सॅलिक ॲसिड पाण्यात पूर्ण विरघळावं म्हणून". हे उत्तर चुकलंय. सोमवारी संध्याकाळी चार पोरांनी मला तेच घडाघडा म्हणून दाखवलं, छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार असा त्यांचा विश्वास, आणि तो विश्वास चुकीचा नाही, पेपरवर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा. म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

मी राजारामपुरीत २२ वर्षं अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते. आधी चूक कुठं आहे ते सांगते. ऑक्सॅलिक ॲसिडचं सोल्युशन आपण टायट्रेशनच्या आधीच तयार केलेलं असतं, वजन करून, फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरून, हलवून. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्यातनं पिपेटनं १० मिली घ्यायचं असतं. विरघळायचं ते केव्हाच विरघळलेलं असतं. गरम करतो ते रिॲक्शन थंडीत फार हळू चालते म्हणून. आता एवढं दोन ओळीत सांगून पत्र संपवता आलं असतं, पण हळू का चालते हा जो पुढचा प्रश्न आहे तोच कुणी विचारत नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या प्रश्नाबद्दल आहे.

कुणालाही करून बघता येईल असा प्रयोग आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये दहा मिनिटांचं काम. दोन कोनिकल फ्लास्क घ्या. एकात मोहर सॉल्ट म्हणजे फेरस अमोनियम सल्फेटचं सोल्युशन, दुसऱ्यात ऑक्सॅलिक ॲसिडचं, दोन्हीत डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, आणि दोन्ही गार. ब्युरेटमधनं, म्हणजे तोटीच्या उभ्या काचनळीतनं, मोहर सॉल्टच्या फ्लास्कात परमँगनेटचा जांभळा थेंब सोडा, थेंब पाण्याला लागतो न लागतो तोच रंग गायब, डोळ्याची पापणी लवायच्या आत. आता तसाच थेंब ऑक्सॅलिक ॲसिडात सोडा. थेंब खाली उतरतो, त्याची गुलाबी दोरी होते, फ्लास्क हलवला की सगळं पाणी गुलाबी होतं आणि तसंच राहतं. पोरं घड्याळ बघत बसतात. बऱ्याच वेळानं रंग फिका होत होत जातो. मग दुसरा थेंब टाकला की तो पहिल्यापेक्षा लवकर जातो, तिसरा आणखी लवकर. आणि थेंब टाकायच्या आधीच मँगनीज सल्फेटची चिमूट टाकून ठेवली तर पहिला थेंबसुद्धा पटकन जातो, गरम करायची गरजच कमी होते. हे बघितल्यावर पोरांच्या तोंडावर जो प्रश्न उमटतो ना, त्यासाठी मी शिकवते.

आता गंमत बघा, पुस्तकातले आकडे लावले तर हे उलटं व्हायला पाहिजे होतं. परमँगनेटचं स्टँडर्ड पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढायची ताकद, १.५१ व्होल्ट, फेरिक-फेरसचं (आयर्नची दोन रूपं) ०.७७, आणि कार्बन डायऑक्साइड-ऑक्सॅलिक ॲसिडचं वजा ०.४९. म्हणजे आयर्नच्या बाबतीत ओढ ०.७४ व्होल्टची आणि ऑक्सॅलिक ॲसिडच्या बाबतीत बरोबर २ व्होल्टची. जिथं ओढ जवळजवळ पावणेतीन पट तिथंच इलेक्ट्रॉन अडून बसलाय. आपण पोरांना ऑक्सिडेशन नंबर मोजायला शिकवतो, इलेक्ट्रॉन किती गेले, किती आले, समीकरण बॅलन्स करा, पोटेन्शियलची वजाबाकी करा, झालं. ते सगळं लागतंच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यातनं इलेक्ट्रॉन जाईल की नाही एवढंच कळतं, कुठल्या वाटेनं जाईल आणि किती वेळात पोचेल हे त्यातनं कळत नाही. वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि त्याच कुणी शिकवत नाही.

आयर्नच्या फ्लास्कात काम सोपं असतं. फेरसनं एक इलेक्ट्रॉन द्यायचा आणि फेरिक व्हायचं, कुठं काही तुटत नाही. ऑक्सॅलिक ॲसिडला दोन इलेक्ट्रॉन द्यायचेत आणि देताना मधला कार्बन-कार्बन बाँड मोडून दोन कार्बन डायऑक्साइड व्हायचेत. परमँगनेट चारी बाजूंनी ऑक्सिजननं बंद, त्याला ऑक्सॅलेटला धरायला जागा नाही. पण एकदा परमँगनेटपासून थोडं मँगनीज टू (पुढचा आकडा म्हणजे धातूनं किती इलेक्ट्रॉन गमावलेत तो) तयार झालं की ते परमँगनेटशी मिळून मँगनीज थ्री बनवतं, आणि मँगनीज थ्री ऑक्सॅलेटला त्याच्या ऑक्सिजनकडनं घट्ट धरतं. आता दोघं एकमेकांना जोडलेले, मग इलेक्ट्रॉन त्या जोडणीतनंच आतल्या आत सरकतो, ऑक्सॅलेट मोडतं, मँगनीज टू परत मोकळं, परत पुढच्या फेरीला तयार. म्हणून पहिला थेंब रेंगाळतो आणि पुढचे पळतात. ही जी पद्धत आहे, आधी हात धरायचा मग इलेक्ट्रॉन द्यायचा, तिला इनर स्फिअर म्हणतात.

ही पद्धत सिद्ध करणारा माणूस हेन्री टॉबी, कॅनडात जन्मलेला, १९८३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला याच कामाबद्दल मिळालं. १९५३ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी पोरांना दरवर्षी सांगते. एकीकडं कोबाल्ट थ्री, भोवती पाच अमोनिया आणि एक क्लोराइड. दुसरीकडं क्रोमियम टू, भोवती नुसतं पाणी. इलेक्ट्रॉन क्रोमियमकडनं कोबाल्टकडं जायचाय. गेला. आणि नंतर बघितलं तर क्लोराइड कोबाल्टवर नव्हतं, क्रोमियमवर बसलं होतं. पोरांना मी असं सांगते की शेजारीण विरजण मागायला वाटी घेऊन आली, उंबऱ्यावर आपण तिच्या वाटीला हात लावला, विरजण तिच्या पदरी पडलं आणि वाटी मात्र आपल्याकडंच राहिली. वाटी आपल्या घरात दिसली म्हणजे दोघींचे हात एका वेळी त्या वाटीला लागले होते हे नक्की.

इथं एखादं हुशार पोर विचारतंच, आणि विचारावंच, की मॅडम क्लोराइड आधी सुटून पाण्यात पडलं असेल आणि मग क्रोमियमनं उचललं असेल तर? टॉबीच्या हुशारीचं कौतुक इथं आहे. त्यानं धातूच असे निवडले की शंकेला जागा राहू नये. कोबाल्ट थ्री आपल्या भोवतीच्या मंडळींना सहज सोडत नाही, आणि क्रोमियम थ्री पण सोडत नाही, नवीन कुणाला पटकन घेतही नाही. म्हणजे क्लोराइडची अदलाबदल झाली ती नेमकी इलेक्ट्रॉन जायच्या क्षणालाच. वर त्यांनी पाण्यात रेडिओॲक्टिव्ह क्लोराइड टाकून ठेवलं, ते क्रोमियमवर आलंच नाही. पाण्यातलं आलं नाही म्हणजे कोबाल्टकडचंच थेट आलं. आणि क्लोराइडच्या जागी सहावा अमोनिया ठेवला तर, अमोनियाकडं दुसऱ्याला धरू द्यायला मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी उरलेलीच नसते, तर तीच रिॲक्शन कोट्यवधी पटीनं हळू होते. एक वाटी काढून घेतली तर एवढा फरक.

पण वाटी नसली तरी इलेक्ट्रॉन जातो, ही दुसरी वाट, आउटर स्फिअर. लॅबमध्ये पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड असतात, दोन्हीत आयर्नभोवती सहा सायनाइड, पक्के, कुणी कुणाला सोडत नाही, तरी दोघं जवळ आले की इलेक्ट्रॉन इकडून तिकडं जातो. हात न धरता. इथं रुडॉल्फ मार्कस येतो, तोही कॅनडातलाच, १९५६ पासून त्यानं याचं गणित मांडलं आणि १९९२ ला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत सांगायचं तर इलेक्ट्रॉन हलका, क्षणात जाणारा, पण त्याच्या भोवतीचे अणू जड. इलेक्ट्रॉन गेल्यावर मग अणूंनी जागा बदलायची असं चालत नाही, अणूंना आधीच हलून अशा मधल्या जागी यावं लागतं की दोन्ही बाजूंची एनर्जी सारखी होईल. गळीत हंगामात रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर एकमेकांशेजारनं जातात तेव्हा एका ट्रॉलीवरचा गडी दुसऱ्या ट्रॉलीवरच्याला पाण्याची बाटली देतो, कधी देता येते? दोन्ही ट्रॅक्टर एका वेगात आणि एका रांगेत आले की. बाटली द्यायला क्षण लागतो, ट्रॅक्टर जुळवायला वेळ लागतो. रिॲक्शनचा वेग त्या जुळवण्यावर ठरतो.

म्हणूनच कोबाल्टला सहा अमोनिया असले की टू आणि थ्रीमधली इलेक्ट्रॉनची देवघेव अतिशय हळू, कारण थ्रीमध्ये कोबाल्ट-नायट्रोजन अंतर आखूड आणि टूमध्ये बरंच लांब, खूप जुळवाजुळव. रुथेनियमला तेच सहा अमोनिया लावले तर अंतरात फारसा फरक पडत नाही आणि देवघेव कोबाल्टपेक्षा कोट्यवधी पटीनं जलद. मार्कसनं आणखी एक सांगितलं होतं जे लोकांना पटायला फार वर्षं लागली, की ओढ वाढवत गेलात तर वेग वाढतो खरा पण एका हद्दीपर्यंतच, त्यापुढं ओढ वाढली की वेग उलटा कमी होतो. १९८४ मध्ये मिलर आणि क्लॉस यांच्या गटानं अमेरिकेत प्रयोगानं ते दाखवून दिलं. आपण पोटेन्शियलचा फरक जास्त म्हणजे रिॲक्शन जोरात असं बिनधास्त सांगतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हे सगळं कॉलेजातलंच आहे असं कुणी समजू नये. आपल्या घरातली हुपरीची, चांदीच्या गावची, पैंजणं घ्या, काळी पडलेली. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, कढत पाणी ओतायचं, खायचा सोडा आणि थोडं मीठ टाकायचं आणि पैंजण फॉइलवर ठेवायचं. टेकलेल्या बाजूनं उजळायला लागतं, सडक्या अंड्यासारखा बारीक वास येतो, पाच-दहा मिनिटांत चांदी पांढरी. आता तेच पैंजण त्याच पाण्यात पण फॉइलवर प्लॅस्टिकची चकती ठेवून तिच्यावर ठेवा, कुठंही फॉइलला टेकू देऊ नका. काही होत नाही. पाणी तेच, सोडा तोच, ॲल्युमिनियम तेच. इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियममधनं चांदीत धातूच्या स्पर्शातनं जातो, पाण्यातनं पोहत जात नाही, स्पर्श तोडला की वाट बंद. ही तिसरी वाट. पावडरनं घासून पैंजण चमकवलं की थोडी चांदी घासून जाते, इथं काळ्या थरातली चांदी परत चांदीच होऊन बसते. माझ्या आईनं हे बघितल्यापासून पैंजणं कधी घासली नाहीत.

प्लेटिंगमध्ये, म्हणजे करंटनं चांदीचा मुलामा देताना, हीच वाट, फक्त इलेक्ट्रॉन ढकलायला रेक्टिफायर, म्हणजे डीसी करंट देणारं यंत्र, असतो. १ अँपिअर करंट १ तास चालवला की साधारण ४ ग्रॅम चांदी बसते, फॅरडेचा हिशोब. पण तांब्याची तार नुसती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली तर चांदी भुसभुशीत, बोटानं निघणारी बसते, आणि सायनाइडच्या बाथमध्ये करंटनं तीच चांदी गुळगुळीत आणि घट्ट, कारण तिथं चांदीला सायनाइडनं धरून ठेवलेलं असतं आणि ती सावकाश सुटते. इलेक्ट्रॉन दोन्हीकडं एका चांदीला एकच.

माझे वडील गुऱ्हाळवाले, करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं. लहानपणी काहिलीजवळ उभं राहून मी रस उकळताना बघायची, आधी चुना, रानभेंडीचा चिकट रस, मळी वर येते ती काढायची, आणि मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पुडीतली पांढरी पावडर टाकायचा, हायड्रॉस. काळपट रस बघता बघता पिवळा. मी विचारलं की रंग कुठं गेला, तर गुळव्या म्हणाला, "पोरी, रंग जात न्हाई, झोपतोय नुसता. ढेप चार म्हयनं ठेवून बघ." ठेवली. बाहेरनं परत काळी पडत आली. पुढं एमएस्सीला कळलं की त्याचं म्हणणं शब्दाला शब्द बरोबर होतं. हायड्रॉस म्हणजे सोडियम डायथायोनाइट, त्यात दोन सल्फरमधला बाँड नेहमीपेक्षा खूप लांब आणि कमजोर, तो पाण्यात मोडतो आणि दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याकडं एक एकटा इलेक्ट्रॉन, द्यायला उतावीळ. ते तुकडे एकेक करून रंगाच्या रेणूंना इलेक्ट्रॉन देतात आणि त्यांचा रंग घालवतात, रेणू तिथंच असतात. नंतर हवेतला ऑक्सिजन सावकाश ते इलेक्ट्रॉन परत काढून घेतो, रंग जागा होतो. मार्केट यार्डात पिवळ्या गुळाला भाव आणि काळ्याला कमी, या सवयीमागं एवढं रसायन आहे, आणि तरी गुळाच्या जिल्ह्यातल्या पोराला रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव, शिकवताना कुणी हायड्रॉसचं नाव घेत नाही. कॉलेजला मी हे एकदा वर्गात बोलले तर गुऱ्हाळाच्या गोष्टी परीक्षेच्या पेपरात लिहिणार का असं विचारलं गेलं होतं. ते मला अजून लागतं.

आता ज्या गोष्टीमुळं मला ही वाट-वाट करायची निकड वाटते ती सांगते. माझ्याकडं शिकलेला एक मुलगा एका प्लेटिंगच्या वर्कशॉपला कामाला लागला होता, नाव-गाव लिहीत नाही. सायनाइडचं वापरलेलं पाणी सोडायच्या आधी त्यात हायपोक्लोराइट टाकून सायनाइड मारायचं असतं. समीकरण बारावीच्या पोराला येईल इतकं सोपं, सायनाइड अधिक हायपोक्लोराइट, तयार होतं सायनेट आणि क्लोराइड, दोन इलेक्ट्रॉनचा हिशोब, बॅलन्स. त्याला सांगितलं होतं टाकीत हायपोक्लोराइट ओत आणि ढवळ. त्या दिवशी टाकीत आधी कुणीतरी ॲसिडचं धुवण सोडलेलं. तो वाकून ढवळायला लागला आणि डोळ्यात-नाकात असं काही झोंबलं की तो मागं कोसळला. शेजारच्या गड्यानं ओढून बाहेर काढलं म्हणून वाचला, तीन दिवस ॲडमिट होता.

का झालं? कारण इथं इलेक्ट्रॉन एकटा जातच नाही. हायपोक्लोराइट आपला क्लोरिनचा अणूच सायनाइडला देऊन टाकतो, आणि मधे सायनोजेन क्लोराइड नावाचा अत्यंत विषारी गॅस तयार होतो. पाणी चांगलं अल्कलाइन असेल, पीएच १० च्या वर, तर तो गॅस तयार होतो तसा पाण्यातच मोडतो आणि सायनेट होतो, बाहेर येत नाही. पीएच खाली आला की तो टिकतो आणि वर येतो, शिवाय ॲसिडनं सायनाइडपासून हायड्रोजन सायनाइड सुटतो ते वेगळंच. समीकरणाची डावी बाजू आणि उजवी बाजू बघून हा मधला गॅस दिसत नाही, कितीही वेळा बॅलन्स करा. अणूच्या पाठीवर बसून इलेक्ट्रॉन जातो ही चौथी वाट जर त्या पोराला कुणी शिकवली असती, मी शिकवली असती, तर त्यानं आधी पीएच पेपर बुडवून बघितला असता. मी त्याला शिकवली नव्हती. सिलॅबसमध्ये नाही म्हणून मी पण तेव्हा सोडून द्यायची. त्या वर्षापासून सोडत नाही.

उसाच्या पानाबद्दल पण लिहायचं होतं, थोडक्यात लिहिते. पान पाण्यातनं इलेक्ट्रॉन काढतं, आणि काढणारा धातू कोण तर परत मँगनीजच, चार मँगनीज आणि एक कॅल्शियम यांचा छोटासा पुंजका, जपानी संशोधकांनी २०११ मध्ये त्याची रचना अगदी अणू-अणूपर्यंत दाखवली. चार इलेक्ट्रॉन एकदम निघत नाहीत, प्रकाशाच्या एकेका झटक्याला एक, आणि इलेक्ट्रॉनबरोबर प्रोटॉनही बाहेर पडत जातात, कारण नुसता इलेक्ट्रॉन काढत राहिलं तर चार्ज साठत जाऊन पुढचा काढणं अवघड होतं. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडीनं जायची ही आणखी एक वाट. पंचगंगेच्या काठानं जेवढा ऊस उभा आहे त्याच्या पानापानात हे दिवसभर चाललेलं असतं.

यातलं पोरांना काही जड जात नाही हो. अकरावीत रेडॉक्स आहे, बारावीत इलेक्ट्रोकेमिस्ट्री आहे, कोऑर्डिनेशन कंपाउंड आहे, तीन धड्यांतनं एक धागा ओवायचा आहे फक्त. जड जातंय ते लॅब बंद असल्यामुळं. माझ्याकडच्या बारावीच्या पोरांपैकी बऱ्याच जणांनी वर्षभरात ब्युरेट हातात धरलेली नाही. ॲडमिशन एका कॉलेजला, दिवसभर बसायचं एंट्रन्सच्या क्लासला, जर्नल मागच्या वर्षीच्या पोराचं बघून उतरवायचं, प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस लॅब उघडायची. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरनं आलेल्या परीक्षकांना, सांगितलं की सर मँगनीज टू तयार व्हायला वेळ लागतो म्हणून सुरुवातीला हळू चालतं, तर त्यांनी "जर्नलमध्ये लिहिलंय तेवढं सांग" म्हणून पुढं ढकललं. घरी येऊन रडली. मी तिला परत दोन फ्लास्क मांडून दाखवले, तुझं बरोबर होतं हे तिच्या डोळ्यानं बघायला लावलं. मार्क किती पडले ते मी विचारलं नाही.

म्हणून तुम्हाला दोन विनंत्या आहेत. एक म्हणजे शैक्षणिक पानावर प्रश्न-उत्तरं देता त्यात महिन्यातनं एकदा तरी एक असा प्रयोग द्या जो पोराला कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरी करता येईल आणि ज्याचं उत्तर जर्नलमध्ये आयतं मिळणार नाही. पैंजणाचा देता येईल, घरात चांदी नाही असं घर क्वचितच. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

दुसरी विनंती लगेचची आहे. प्रॅक्टिकल तोंडावर आलीत, आणि ते कात्रण किती भिंतींवर लागलं असेल देव जाणे. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, पोरांच्या नजरेत येईल अशा टायपात ही दुरुस्ती छापा:

ऑक्सॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट यांची रिॲक्शन गार सोल्युशनमध्ये सुरुवातीला फार हळू चालते, म्हणून सोल्युशन ६० ते ७० डिग्रीपर्यंत गरम करतात. रिॲक्शनमध्ये तयार होणारं मँगनीज टू स्वतःच पुढची रिॲक्शन जलद करतं, म्हणून पहिल्या थेंबाचा रंग जायची वाट बघावी आणि मगच पुढचा थेंब टाकावा. मोहर सॉल्टचं सोल्युशन गरम करू नये, तिथं रिॲक्शन गारच जलद होते आणि गरम केल्यास फेरस हवेतल्या ऑक्सिजननं फेरिक व्हायला लागतं.

आपली नम्र,
केमिस्ट्रीची शिकवणी घेणारी एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर